मार्दोळ, एटीए दे!

दोन माणसांनी दोन गावांत बसून एकमेकांना गोळ्या घालायच्या, एवढंच काम होतं. मी गोव्यातल्या फोंड्यात, मित्र तिथल्याच मार्दोळला. मधलं अंतर असं की बसमध्ये बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ येते. पण १९९३ च्या डिसेंबरात निघालेल्या 'डूम' या गोळीबाराच्या कॉम्प्युटर खेळात मोडेमवरून, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या लाइनवर बोलायला लावणाऱ्या डब्यावरून, दोघांनी समोरासमोर खेळायची सोय होती, आणि सोय आहे म्हटल्यावर ती वापरून बघितल्याशिवाय चैन पडेल असं आमचं वय नव्हतं. खेळाचा पहिला भाग कंपनीने फुकट वाटायलाच दिलेला. आमच्यापर्यंत तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत, बऱ्याच उशिरा, पण कायदेशीरपणे पोचला. (त्या काळात आमच्या कॉम्प्युटरवर कायदेशीर अशी तेवढीच एक वस्तू असावी.)

लागणारं साहित्य सोपं: दोन कॉम्प्युटर, दोन मोडेम, दोन फोन. दोन कुटुंबांची संमती लागते, हे मात्र सूचनांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मित्राचं नाव घेत नाही, तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे. आमच्यात तेव्हापासून तो 'मार्दोळ' आणि मी 'फोंडा'. तर मार्दोळ आणि फोंडा यांच्यातल्या युद्धाची मुख्य अडचण अशी, की बिघाड कशात आहे हे ज्या फोनवर बोलायचं, तोच फोन खेळायला लागतो. मोडेम जोडला की बोलता येत नाही, बोलायला लागलं की मोडेम जोडता येत नाही. जोडणी तुटली की मी त्याला फोन लावायचो आणि तो मला. दोघांनाही एंगेज. मग दोघेही शहाण्यासारखे थांबायचे, सारखाच वेळ थांबायचे, आणि पुन्हा एकदमच लावायचे. पुन्हा एंगेज. शेवटी ठराव झाला, की फोन नेहमी मार्दोळनं करायचा. युनिटं फोन करणाऱ्याच्या मीटरवर पडतात हे त्याच्या घरी बिल आल्यावर कळलं. बिल दोन महिन्यांनी यायचं, त्यामुळे आमची दोन महिने छान सोय झाली.

मोडेमशी बोलायची एक ठरावीक पद्धत असते. हेज कंपनीने १९८१ साली आपल्या स्मार्टमोडेमसाठी ती बसवली आणि पुढे सगळ्यांनी तीच उचलली. प्रत्येक हुकुमाआधी 'एटी' लावायचं. एटीझेड म्हणजे झालंगेलं विसर, एटीडी म्हणजे लाव, एटीए म्हणजे उचल, एटीएच म्हणजे ठेव. घरात आमचं कुणी ऐकत नसताना हा एक डबा एवढा आज्ञाधारक निघाला, याचं आम्हाला फार कौतुक. मोडेम परदेशी, त्याला आपल्याकडची डायल टोन ओळखू येईना. रिसीव्हर कानाला लावला की टोन भरभरून येतेय, आणि स्क्रीनवर 'नो डायलटोन'. मग हुकुमात 'एक्स३' घालायचं, म्हणजे टोन असो नसो, तू आपला नंबर फिरव. हे मार्दोळला एका जुन्या मासिकात सापडलं, आणि पुढचे कित्येक दिवस तो कुठल्याही अडचणीवर एक्स३ सुचवायचा. त्याच्या आजीच्या गुडघ्यांवरसुद्धा.

युनिटं वाचवायची युक्तीही त्याचीच. आधी तोंडाने बोलायचं, हवापाणी, शाळेतली उणीदुणी, सगळं. मग त्याच चालू कॉलवर एकाने एटीडी द्यायचं, दुसऱ्याने एटीए, मोडेमनी लाइन धरली की दोघांनी रिसीव्हर ठेवायचा, आणि खेळाला सांगायचं की जोडणी झालेली आहे. म्हणजे भांडण आणि लढाई एकाच कॉलमध्ये. पण यात एकाने हाक मारायची आणि एकानेच ओ द्यायची. दोघांनीही एटीडी दिलं, तर दोन्ही मोडेम समोरच्याच्या सुराची वाट बघत गप्प बसतात. दोघांनीही एटीए दिलं, तर दोघेही एकदम किंचाळतात आणि ऐकायला कुणीच नाही. म्हणून रात्री अकरा वाजता आमच्या घरातून हुकूम घुमायचे: "मार्दोळ, एटीए दे! आता दे! अरे, ठेवू नकोस, आधी दे!" शेजारच्या घरात तेव्हा बारावीचा अभ्यास चालू होता. तो मुलगा पुढे बारावीच्या परीक्षेत कमी आणि कॉम्प्युटरच्या धंद्यात जास्त चमकला.

ओ देणारा मोडेम आधी २१०० हर्ट्झचा एक लांब सूर लावतो. तो ऐकून वाटेतली प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा बाजूला होते, आणि मग दोन्ही मोडेम लाइनची परीक्षा घेऊन कुठल्या वेगाने बोलायचं ते आपसात ठरवतात. ही वाटाघाट स्पीकरवर ऐकू येते. आमची आजी पहिल्या दिवशी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, शेवटपर्यंत ऐकलं, आणि आईला म्हणाली, "त्याचं पोट दुखतंय वाटतं. जरा ओवा द्या त्याला." स्पीकर एटीएम० देऊन बंद करता येतो. आम्ही केला नाही. नुसत्या आवाजावरून आज काय होणार ते कळायचं. शेवटची खरखर एकसारखी लागली की ठीक, मधेच अडखळून पुन्हा पहिल्यापासून सूर लागला की आज रात्री नुसती शिकार, मांस नाही.

जोडणी झाल्यावर शत्रू मार्दोळ नसून काकी असे. स्वयंपाकघरात पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाइनवरचा दुसरा फोन होता. काकी तो उचलायची, "अगो बाई, पुन्हा तेच!" म्हणायची, कानापासून हातभर लांब धरायची, पण ठेवायची मात्र नाही. आवाज कधी थांबतो ते तिला बघायचं असे. आवाज लगेच थांबायचा. स्क्रीनवर 'नो कॅरियर', म्हणजे जोडणी तुटली. मग काकी समाधानाने मुंबईला बहिणीला फोन लावायची आणि सांगायची, "आमचा फोन हल्ली फार खराब झालाय."

मार्दोळकडे वेगळाच प्रकार. त्याने माऊस हलवला की जोडणी तुटायची. माऊस हलवला नाही तर जोडणी खणखणीत, पण तो एका जागी उभा, आणि मी त्याला आरामात टिपतोय. हा खेळ मला अजिबात खटकत नव्हता, त्यामुळे कारण त्यालाच शोधावं लागलं. जुन्या पीसीत कॉम-१ आणि कॉम-३ या दोन पोर्टांना प्रोसेसरला हाक मारायला एकच तार असते, आयआरक्यू-४. कॉम-२ आणि कॉम-४ यांची मिळून दुसरी, आयआरक्यू-३. त्याचा माऊस कॉम-१ वर आणि मोडेम कॉम-३ वर. माऊसने हाक मारली की मोडेमचं बोलणं तुटायचं. मोडेमवरचा चिमटीएवढा जंपर काढून दुसऱ्या पिनांवर बसवला की प्रश्न सुटतो. तो जंपर त्याच्या हातून सुटून जमिनीवर पडला, आणि शहाबादी फरशीच्या फटीत गेलेली वस्तू शोधण्यात एक अख्खा रविवार गेला. सोमवारी तो हलू लागला आणि माझी विजयाची मालिका संपली.

मग त्याचे काका मस्कतहून सुट्टीवर आले आणि ५६ केचा, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांचा मोडेम घेऊन आले. गल्फहून आलेली वस्तू चालत नाही असं म्हणायची आमच्याकडे रीत नाही. पण चालेना. डब्यावर ५६ के होतं, आत जवळजवळ काही नव्हतं. बरचसं काम विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने करायचं अशी ती जात, आणि आमचा डूम चालायचा विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये. तिथे हा मोडेम म्हणजे नुसता पत्रा. बरं, चालला असता तरी ५६ के मिळालं नसतं. तो वेग मिळायला एका टोकाची जोडणी थेट डिजिटल लागते, इंटरनेट देणाऱ्याकडे असते तशी. दोन साध्या घरांमध्ये मर्यादा ३३.६ केची. हे काकांना कोण सांगणार? ते रोज जेवताना विचारायचे, "काय रे, पळतो की नाही?" मार्दोळ मान डोलवायचा, आणि रात्री जुनाच मोडेम लावायचा.

३३.६ ही सुद्धा कागदावरची गोष्ट. आमच्या फोनची तार खांबावरून निघून दोन माडांमधून आणि एका फणसातून घरात येते. उन्हाळ्यात माडाचं चुडत तिच्यावर पडतं, आणि जूनपासून सांध्यांत पाणी. पावसाच्या दिवसांत मोडेम लाइन तपासून खाली खाली येत १४,४०० वर कसेबसे राजी व्हायचे. तक्रार केली की लाइनमन यायचा, रिसीव्हर कानाला लावायचा, आणि म्हणायचा, "लायन बरी आसा. आवाज येता न्ही?" आवाज येत होताच. माणसाला 'हॅलो' ऐकू आलं की त्याचं समाधान होतं, मोडेमला मात्र त्या 'हॅलो'मागची खरखरही ऐकू येते. हे त्याला समजावून सांगताना मी मोडेम लावून तो आवाज ऐकवला. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "हें मशीन काडात, लायन बरी जातली." आभाळात गडगडलं की लाइनची तार उपटून टाकायची, हा घरचा नियम. वीज फोनच्या तारेने येऊन मोडेम जाळते हे खरंच आहे, पण आमच्या घरी फोंड्यात ढग आला की नाही यापेक्षा मी जिंकतोय की नाही यावर गडगडाट ठरायचा असा मला दाट संशय आहे.

आता यातली खरी गंमत. मोडेममध्ये चुका दुरुस्त करायची आणि माहिती दाबून पाठवायची सोय असते. फाइल उतरवायला उत्तम, पण खेळात प्रत्येक गोष्ट तपासून, गठ्ठा बांधून पुढे जाते, म्हणून उशीर होतो. मी आज गोळी झाडली तर ती मार्दोळला उद्या लागणार. म्हणून जाणकार सांगायचे, दोन्ही बंद करा. बंद केलं की वेग सुरेख, पण लाइनवरची खरखर सरळ खेळात. आणि डूमची रचना अशी की चित्र वगैरे काही पाठवलं जात नाही. कुणी कुठली कळ दाबली एवढंच सेकंदाला ३५ वेळा एकमेकांना कळवायचं, आणि त्यावरून दोन्ही मशीननी आपापल्या घरी तोच खेळ रचायचा. एक टिंब चुकलं तर दोन घरांत दोन वेगळे इतिहास घडू लागतात, आणि ते लक्षात आलं की खेळ 'कन्सिस्टन्सी फेल्युअर' म्हणून उठून जातो. देवस्थानच्या वार्षिक सभेसारखं, मागच्या वेळी काय ठरलं यावरच एकमत नसलं तर पुढचा विषय घ्यायचा कसा? इकडे माझ्या हिशेबाने तो मेलेला, त्याच्या हिशेबाने मी, आणि निकाल द्यायला लाइन शिल्लक नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत यावर जे वाद झाले, ते मूळ खेळापेक्षा जास्त रंगले.

शेवटी मार्दोळच्या वडिलांनी दुसरं बिल बघितलं आणि आम्ही तारेचा मार्ग धरला. दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवायचे आणि नल-मोडेम केबलने सरळ जोडायचे. इकडची दोन नंबरची पिन तिकडच्या तीनला, तीनची दोनला, पाचाला पाच. झालं. फोन नको, काकी नको, पाऊस नको, आणि पोर्ट चांगला असेल तर सेकंदाला १,१५,२०० बिट. प्रश्न फक्त माझा कॉम्प्युटर मार्दोळला न्यायचा.

मी बसस्टँडवर पायलट केला. पायलट म्हणजे आमच्याकडची पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल, विमानाशी संबंध नाही. त्याने माझ्या मांडीवरच्या सीपीयूकडे बघितलं. "हें कितें?"

"कॉम्प्युटर."

"मोडलो जाल्यार म्हाका सांगचें न्हय."

मॉनिटर मार्दोळने मिनीबसमधून आणला. कंडक्टर सवयीने "फाटीं वच, फाटीं वच" म्हणत मॉनिटरलाही मागे ढकलत होता, आणि उतरताना त्याने त्याचं अर्धं तिकीट मागितलं.

केबल पहिल्याच झटक्याला चालली. ना किंचाळी, ना नो कॅरियर, ना कुणाचा इतिहास वेगळा. आम्ही एकमेकांना मारलं, पुन्हा मारलं. मार्दोळची आई चहा आणि बिस्किटं ठेवून गेली. जाताना म्हणाली, "हे आधीच का नाही केलंत रे?" थोड्या वेळाने आम्ही दोघेही खेळता खेळता बोलत होतो, मग बोलता बोलता खेळत होतो, आणि मग त्याने कीबोर्डवरचा हात काढला.

"केबल ठीक आहे रे," तो म्हणाला, "पण एस१० वाढवून बघितलंस कधी?"

एस१० म्हणजे समोरचा सूर तुटल्यावर मोडेमने किती वेळ धीर धरायचा तो आकडा, सेकंदाच्या दहाव्या भागात. तो मोठा ठेवला तर काकीने पॅरलल उचलून लगेच ठेवला तरी जोडणी टिकायला हवी.

"काकी लगेच ठेवत नाही," मी म्हटलं.

"तर मग २५० ठेव."

पंचवीस सेकंद. तेवढा वेळ ती आवाज ऐकत उभी राहील का? राहील, पण मुंबईचा नंबर फिरवल्याशिवाय राहील का? आज रात्री अकराला बघू, असं ठरलं. फोन त्यानेच करायचा, कारण वडिलांनी बिल त्याच्या खात्यातून कापायचं कधीच ठरवलं होतं.