नव्वदाव्या मिनिटाचा रिमोट

गेल्या रविवारी एका मुंजीच्या पंक्तीत माझ्या मामेसासऱ्यांनी जिलबी वाढून घेता घेता आजूबाजूच्या मंडळींना सांगितले की, २४ एप्रिल २०२४ रोजी मुंबई सिटी या आमच्या फुटबॉल संघाने फातोर्ड्याच्या मैदानावर गोव्याच्या संघाविरुद्ध अखेरच्या क्षणी केलेले तिन्ही गोल त्यांनी माझ्या शेजारी बसून पाहिले, आणि मी धीर सोडला असताना ‘थांबा जावईबापू, अजून वेळ आहे’ असे म्हणणारे तेच होते. जावई असल्यामुळे मला मान डोलवावी लागली. त्या मान डोलवण्याचा राग अजून उतरलेला नाही.

आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या चषकासाठी उपान्त्य फेरीत जे दोन सामने होतात, त्यांतला तो पहिला होता. त्याआधी १५ एप्रिलला कोलकात्यात नुसती बरोबरी पुरली असती, तरी मोहन बागानकडून २-१ असे हरून आम्ही लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाचा मान, घालवून बसलो होतो. (मैदानात मी नसतो, पण हरताना आम्हीच हरतो.) आता निदान चषक तरी मिळावा, एवढीच इच्छा उरली होती, तर बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांनी गोव्याला २-० असे पुढे नेऊन ठेवले.

मामा तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनिमित्त आमच्याकडे मुक्कामाला होते. डोळ्यांवर दवाखान्याने दिलेला काळा चष्मा होता आणि त्या चष्म्याआडून ते माझ्याशेजारी बसून सामना ‘बघत’ होते.

“हे अजून किती वेळ चालणार?”

“नव्वद मिनिटे, मामा. वाया गेलेला वेळ नंतर वाढवून देतात.”

“वाया गेलेला वेळ परत देतात?” मामा बँकेतून निवृत्त झालेले आहेत. “आणि तो किती द्यायचा, हे कोण ठरवतो?”

“पंच ठरवतात.”

“एकटेच? वर कुणाची सही नाही?”

“नाही.”

“मग हा खेळ म्हणजे नुसता घोटाळा आहे. गोव्याचे दोन जमा, आपले शून्य. करा खाते बंद!”

असे म्हणून त्यांनी रिमोट उचलला आणि क्रिकेट लावले. तिकडे दिल्लीत ऋषभ पंत गुजरातची गोलंदाजी फोडून काढत होता. शेवटच्या षटकात ३१ धावा निघाल्या. तो खेळ नेत्रदीपक होता हे मी नाकारत नाही, परंतु नेत्रच झाकलेल्या माणसाला त्याची एवढी निकड का असावी, हे मला आजही समजलेले नाही. तेवढ्यात माझा फोन थरथरला. नव्वदाव्या मिनिटाला आमच्या छांगटेचा गोल. पाठोपाठ विक्रम प्रताप सिंगचा. मी म्हणालो, “मामा, रिमोट द्या.” ते म्हणाले, “षटक तर संपू द्या.” मी हात पुढे केला, त्यांनी तो मागे नेला, आणि रबरबँडने बांधलेल्या त्या रिमोटमधला एक सेल निसटून दिवाणाखाली गेला. मी जमिनीवर पालथा पडून केरसुणीने सेल बाहेर ओढत होतो, तेव्हा वाढीव वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेने तिसरा गोल केला. चित्र परत आले तेव्हा आमचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडलेले होते.

याचा दोष मी एकट्या मामांना तरी कसा देऊ? नोकरीत असताना ते कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे फुटबॉल सामने बघायला जात, असे त्यांनीच मला सांगितलेले आहे. १८९१ मध्ये सुरू झालेली ती स्पर्धा नवे शतक उजाडता उजाडता बंद पडली, आणि ज्या शहरात गल्लीतल्या क्रिकेटलाही समालोचक मिळतो, त्या शहराने तिच्यासाठी हळहळसुद्धा केली नाही. आजही आकाशी जर्सी घालून अंधेरीच्या क्रीडासंकुलाकडे निघालो, की रिक्षावाला आरशातून न्याहाळत विचारतो, “आज काय आहे तिकडे?” सामना आहे, असे सांगितले, तर तो म्हणतो, “पण मॅच तर वानखेडेवर असते ना?”

२९ तारखेला त्याच अंधेरीत आम्ही दुसरा सामना २-० असा जिंकलो, डियाझ आणि छांगटे यांच्या गोलांनी. मामांना मी नेले नाही. डोळ्यांत धूळ जाऊ नये, असे डॉक्टरांचेच म्हणणे होते, आणि त्या दिवशी मी डॉक्टरांचा शब्द फारच मनावर घेतला.

४ मे रोजी अंतिम सामना, पुन्हा कोलकाता, पुन्हा मोहन बागान. मध्यंतराच्या तोंडावर त्यांच्या कमिंग्जने गोल केला, तेव्हा शील्डची गोष्टच पुन्हा घडणार असे वाटले. पण मग डियाझ, बिपीन सिंग आणि वाढीव वेळेत व्होयतुस अशा क्रमाने हिशेब चुकता झाला. ३-१. तोवर मामा आपल्या घरी परतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

“अभिनंदन, जावईबापू! तुमचे मँचेस्टर जिंकले म्हणे.”

इंग्लंडमधल्या मँचेस्टर सिटी क्लबाच्या मालकांनी २०१९ मध्ये आमच्या क्लबातला मोठा हिस्सा घेतला, तेव्हापासून हे ऐकावे लागते. मी त्यांची चूक सुधारायला तोंड उघडले आणि मिटले. कारण त्याच रात्री मँचेस्टर सिटीने वुल्व्ह्‌जला ५-१ असे हरवले होते.