पदकाच्या कडेवरचं नाव

आमच्या देवघरात, देवांच्या मागे, रुमालात गुंडाळलेलं एक चांदीचं पदक असायचं. घरात सगळे त्याला 'बिल्ला' म्हणायचे. बिल्ला पणजोबांचा, पणजोबा पलटणीत होते आणि बसऱ्याच्या लढाईत छातीवर गोळी झेलून गेले, एवढंच आम्हा मुलांना सांगितलेलं. दसऱ्याला विळा-कोयत्यांबरोबर बिल्ल्याचीही पूजा व्हायची. आदल्या दिवशी आजी तो चिंचेने घासून लख्ख करायची.

आजीने ते प्रेमाने केलं, पण त्या घासण्याने आमचं नुकसान झालं. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. समोरून दिसतो तो राजा पंचम जॉर्ज. आपला माणूस असतो कडेवर. आमच्या बिल्ल्यावरचं नाव जवळजवळ पुसलं गेलं होतं. दिवा तिरपा धरून फोटो काढले तेव्हा नंबर आणि '११७ मराठा' एवढं वाचता आलं. तुमच्या घरात असं पदक असेल तर कृपा करून घासू नका, आणि चांदी आहे म्हणून सोनाराकडे तर नेऊच नका. किती घरांतली पदकं अशी वितळली असतील, विचार करूनच जीव हळहळतो.

'११७ मराठा' नावाची पलटण आज शोधून सापडत नाही. १९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पाच जुन्या पलटणी नव्या मराठा रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. ११४ची प्रशिक्षण बटालियन झाली. हे कळेपर्यंत मी बरेच महिने चुकीच्या वाटेने फिरत होते.

मग युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) ऑनलाइन यादीत शोधलं. नावावरून काहीच हाती लागेना. इंग्रज कारकुनांनी आपली नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. शिंद्यांचे 'सिंदे' होतात, चव्हाणांचे 'चवान', आणि गावाच्या नावाची तर ओळखच पटत नाही. शेवटी नंबर आणि पलटण जुळवली तेव्हा एक ओळ सापडली. अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, गाव, जिल्हा, मुंबई इलाखा. आणि मृत्यूची तारीख, ऑगस्ट १९१६.

तारीख वाचून मी किती तरी वेळ तशीच बसून राहिले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमाऱ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असा जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा. धान्य संपत गेलं. घोडे कापून मांस वाटलं जाऊ लागलं. आपल्या पुष्कळ शिपायांनी धर्म बुडेल, गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील, या भीतीने ते कित्येक आठवडे खाल्लं नाही. भाजीपाला नाही म्हणून स्कर्व्हीने हिरड्या सडल्या. शेवटी सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती गेली. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी नेलं आणि त्यांतल्या पुष्कळांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं.

ऑगस्ट म्हणजे शरणागतीनंतर तीन-चार महिन्यांनी. माझे पणजोबा छातीवर गोळी झेलून गेले नाहीत. ते कैदेत असताना गेले. भुकेने, तापाने किंवा चालून चालून.

हे मी घरच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा एका काकांचा तासाभरात फोन आला. 'लोकांना काय सांगायचं आता?' जे झालं तेच सांगायचं, असं मी म्हटलं. हल्ली ज्याला त्याला आपला पूर्वज सरदार हवा असतो, निदान तलवार उगारलेला तरी. जो पाच महिने उपाशी राहून आपल्या जागी उभा राहिला, त्याच्या आयुष्याला आपण खोटी गोळी का जोडायची? त्याच्या वाट्याला जे आलं ते आपल्याला ऐकवत नाही म्हणून आपण ते बदलतो. हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण त्या तारखेने आणखी एक गाठ मारून ठेवली होती. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९२१ आहे.

दाखल्यावरची सालं चुकलेली असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षात गेले. कुणबी नोंदींच्या निमित्ताने कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, हा शब्द आता घराघरांत पोचला आहे, पण ते वाचायला मोडी लागते. मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींनी दोन दुपारी माझ्यासाठी दिल्या. जन्म १९२१च, आणि बापाच्या जागी पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव. मग जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, गाव नमुना ६, काढले. त्यात १९२६ची नोंद मिळाली. खातेदार लढाईत मयत, वारस बायको, आणि तिने दिराचा मुलगा दत्तक घेतलेला.

म्हणजे ज्यांच्या बिल्ल्याला आम्ही हात जोडत आलो त्यांचं रक्त आमच्यात थेट नाहीच. आम्ही धाकट्या भावाचे. जो पलटणीत गेला नाही, ज्याने दोन्ही घरांची शेती ओढली आणि आपला एक मुलगा वहिनीच्या मांडीवर दिला, त्याचा फोटो सोडाच, नावही आमच्या घरात कुणी घेत नव्हतं.

बाबांच्या आत्या, आक्का, आज ९१ वर्षांच्या आहेत. त्या म्हणजे त्याच धाकट्या भावाची लेक. मी कागद घेऊन गेले तर त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, 'अगं, हे तुला आधी मलाच विचारायचंस.' आणि खरंच, आधी त्यांनाच विचारायला हवं होतं. मी वर्षभर इंग्रजी याद्या चाळत बसले आणि सगळं जाणणारं माणूस दोन तासांवर खाटेवर बसलेलं होतं.

त्यांनी सांगितलं की कुतनंतर बराच काळ घरी नक्की काहीच कळलं नाही. पत्र नाही, मनीऑर्डर नाही. सगळे म्हणत, तो गेला. थोरली आई, म्हणजे पणजोबांची बायको, म्हणायची, कागद दाखवा. तिने कुंकू पुसलं नाही. कुणी नावं ठेवली तरी नाही. पुढे काही वर्षांनी टपालाने बिल्ला आला आणि त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. तेव्हा ती फार तर तिशीची असेल. बिल्ला घासायची पद्धत तिचीच. माझ्या आजीने ती सासूकडून उचलली.

'थोरली आई' हे काही नाव नव्हे. तिचं खरं नाव आक्कांनाही आठवत नव्हतं. फेरफारात ते होतं आणि परदेशातल्या यादीत, मोडक्या स्पेलिंगात का होईना, 'तमकीचा नवरा' म्हणून होतं. सैनिक पूर्वज शोधताना आपण नंबर, पलटण, पदक यांच्या मागे लागतो. पण तो गेल्यावर जे घर चाललं ते जमिनीच्या कागदांत असतं, म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात असतं. दोन्ही टोकं जुळवल्याशिवाय माणूस उभा राहत नाही, असं मला आता ठाम वाटतं.

त्या युद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं गेली आणि ७४ हजारांच्या आसपास परतली नाहीत. फ्रान्समध्ये नव शापेलच्या स्मारकावर आपल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा टाकला. नावांबाबतच्या या भेदभावाबद्दल आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. माझे पणजोबा त्या आकड्यातले एक.

म्हणून यंदा वंशावळ नव्याने लिहून घेतली. त्यात पणजोबांच्या नावापुढे 'कैदेत मृत्यू, १९१६' आहे, शेजारी पणजीचं पूर्ण नाव आहे आणि धाकट्या पणजोबांपासून आजोबांपर्यंत दत्तकाची रेघ आहे. काकांनी आधी सही करायला नकार दिला होता. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि केली.

बिल्ला आता आम्ही घासत नाही. थोडा काळा पडलाय. दसऱ्याला नुसतं फूल वाहतो.