स्पॅनिश येतं म्हणून इंग्रजी साहित्यचर्चेचे शब्द आपोआप येत नाहीत

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं असं: ज्यांची मातृभाषा स्पॅनिश आहे त्यांना साहित्यावर इंग्रजीत बोलायला वरच्या पातळीचे शब्द वेगळे शिकवायची गरज नाही. 'मेताफोरा' म्हणजे मेटाफर, 'इरोनिया' म्हणजे आयरनी, 'सिम्बोलिस्मो' म्हणजे सिम्बॉलिझम. मूळ एकच, लॅटिन नाहीतर ग्रीक. शब्दाचा शेवट तेवढा बदलायचा. फसवे शब्द, म्हणजे दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे, थोडेच आहेत, त्यांची यादी पाठ करून टाकायची. शिवाय स्पॅनिश माणसाच्या तोंडी जे रोजचे शब्द असतात तेच इंग्रजीत भारदस्त वाटतात, त्यामुळे तो सी-टू या (युरोपीय मोजपट्टीवरच्या सर्वांत वरच्या) पातळीच्या निम्म्या वाटेवर आधीच असतो.

मी पुण्यातून स्पॅनिशभाषक विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. हा मजकूर माझ्या ओळखीच्या मराठी शिक्षकांनीही पूर्ण विश्वासाने पुढे ढकललेला पाहिला आणि राहवलं नाही. कारण तो वाचून शिक्षक हा धडाच गाळतात, आणि मग चांगलं वाचलेली, विचार करणारी मुलं निबंधात नको ते लिहून बसतात.

पहिला दावा: संज्ञा सारख्याच आहेत.

वाचताना हा दावा बराचसा खरा ठरतो, हे आधीच मान्य करते. समीक्षेचा इंग्रजी लेख समोर आला की स्पॅनिश विद्यार्थ्याला त्यातले कितीतरी शब्द न शिकता कळतात. तेवढा फायदा त्याचा हक्काचा आहे. पण बोलायला किंवा लिहायला लागला की अगदी पहिल्या वाक्यात लागणारे शब्दच दगा देतात. कथानकाला स्पॅनिशमध्ये 'आर्गुमेन्तो' म्हणतात. इंग्रजीत 'आर्ग्युमेंट' म्हणजे युक्तिवाद किंवा वाद. (एके काळी इंग्रजीतही सारांश या अर्थाने तो शब्द चालत असे. मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'ला १६६८ मध्ये सर्गांचे सारांश जोडले गेले ते याच नावाखाली. आज मात्र 'प्लॉट'च म्हणावं लागतं.) पात्राला ते 'पेर्सोनाखे' म्हणतात, इंग्रजीत 'पर्सनेज' म्हणजे बडी असामी. 'तोपिको' म्हणजे वापरून गुळगुळीत झालेली कल्पना, तर इंग्रजी 'टॉपिक' म्हणजे नुसता विषय. 'बेर्सो' म्हणजे कवितेची एक ओळ. इंग्रजीत तिला 'लाइन' म्हणतात, आणि 'व्हर्स' म्हणजे पद्य किंवा गाण्यातलं कडवं.

कवितेकडे वळलं की गुंता आणखी वाढतो. स्पॅनिश शाळेत यमकाचे दोन प्रकार शिकवतात. 'असोनान्ते'मध्ये शेवटच्या आघातापासून पुढचे फक्त स्वर जुळतात. 'कोन्सोनान्ते'मध्ये स्वर आणि व्यंजनं दोन्ही जुळतात. स्पॅनिश कवी लॉर्काच्या १९२८ च्या 'रोमान्सेरो गितानो'मधली चंद्रावरची पहिली कविता घ्या. एका ओळीचा शेवट 'नार्दोस'ने, दोन ओळींनंतरचा 'मिरान्दो'ने. मराठी कानाला हे यमकच वाटणार नाही; पण आ आणि ओ हे स्वर जुळले, स्पॅनिश कानाचं समाधान झालं. सम ओळींत हीच जुळणी पुढे चालू राहते आणि तिच्यावर अख्खी कविता उभी राहते. आता 'शेवट बदला' हा नियम लावून बघा. 'असोनान्ते'चं होतं 'असोनन्स'. इंग्रजीत तो बहुतेक वेळा ओळीच्या आतला स्वरांचा खेळ असतो. कवितेचा सांगाडा त्यावर क्वचितच उभा असतो. 'कोन्सोनान्ते'चं होतं 'कॉन्सोनन्स', आणि इथे तर अर्थ पार उलटतो: इंग्रजी कॉन्सोनन्समध्ये व्यंजनं जुळतात आणि स्वर वेगळे राहतात, जसं 'ब्लँक' आणि 'थिंक'. स्पॅनिश विद्यार्थ्याच्या मनात असतं पूर्ण यमक, कागदावर उतरतं अर्धं. त्याला म्हणायचं असतं ते 'फुल राइम', आणि हे नाव त्याला कुठल्याही प्रत्ययातून मिळणार नाही.

वाङ्मयेतिहासातली नावं तर मला सगळ्यात घातक वाटतात, कारण तिथे चूक झाली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. 'मोदेर्निस्मो' म्हणजे मॉडर्निझम, असं तो मजकूर छातीठोकपणे सांगतो. मोदेर्निस्मोचा मोठा कवी रुबेन दारियो. निकाराग्वात जन्मलेला, त्याचं 'असूल' १८८८ मध्ये चिलीतल्या वाल्पाराइसोत छापलं गेलं. फ्रेंच प्रतीकवाद्यांची आणि रेखीव रूपाला जपणाऱ्या पार्नासियन कवींची छाया, राजहंस, नादमधुर, घडीव शब्दकळा. इंग्रजी मॉडर्निझम म्हटलं की डोळ्यांसमोर येतं १९२२ हे साल, एलियटचं 'द वेस्ट लँड' आणि जॉइसचं 'युलिसिस': तुटलेली रचना, महायुद्धानंतरचं उद्ध्वस्त जग. त्याच १९२२ मध्ये पेरूतल्या लिमात सेसार बाय्येखोचा 'त्रिल्से' हा कवितासंग्रह आला, भाषेची मोडतोड करणारा. पण स्पॅनिश पाठ्यपुस्तकं त्याला मोदेर्निस्मोत नव्हे, 'बान्ग्वार्दिया'त, म्हणजे प्रयोगशील नवसाहित्यात, घालतात. म्हणजे दारियोला इंग्रजीत सरळ 'मॉडर्निस्ट' म्हटलं की वाचणारा त्याला एलियटच्या पंगतीत बसवतो. इंग्रजीतले जाणकार अभ्यासक म्हणूनच मूळ स्पॅनिश शब्द तसाच ठेवतात. 'कोमेदिया'चंही हेच. स्पॅनिश नाटककार लोपे दे बेगाने १६०९ मध्ये नाटक कसं लिहावं यावर पद्य लिहिलं, त्यातली कोमेदिया म्हणजे करुण आणि हास्य एकत्र आणणारं तीन अंकी नाटक. त्याच्या 'फुएन्तेओबेखुना'त अत्याचारी सरदाराला अख्खं गाव मिळून ठार मारतं. त्याला 'कॉमेडी' म्हणून मोकळं होणार का?

दुसरा दावा: फसवे शब्द थोडे आहेत, यादी पाठ करा.

यादीत असतं ते मीही शिकवते. सगळ्यात जास्त वेळा सापडणारं वाक्य हे: 'द ऑथर प्रिटेन्ड्स टू शो...' स्पॅनिश 'प्रेतेन्देर' म्हणजे प्रयत्न करणं, हेतू बाळगणं. इंग्रजीत मात्र लेखक ढोंग करतोय असा आरोप झाला. हिंदीतली 'चेष्टा', म्हणजे प्रयत्न, मराठीत तशीच उचलली तर जे होईल तेच इथे होतं. 'तेर्सो' बघा. स्पॅनिशमध्ये शैलीबद्दल म्हटलं तर अर्थ नितळ, घोटीव, सहज वाहणारी. इंग्रजी 'टर्स' म्हणजे मोजक्या शब्दांत तोडून टाकणारी, कधीकधी तुसडी. सोळाव्या शतकातला स्पॅनिश कवी गार्सिलासो याच्या लयदार ओळींची स्तुती करायला गेलेला विद्यार्थी 'टर्स' लिहितो आणि वाचणाऱ्याच्या भुवया वर जातात. 'प्रोलिखो' तर देशागणिक बदलतो: स्पेनमध्ये पाल्हाळिक, अर्जेंटिनात नीटनेटका. इंग्रजी 'प्रोलिक्स' म्हणजे फक्त पाल्हाळिक. ब्वेनोस आयरेसची मुलगी तो कौतुक म्हणून वापरू शकते.

पण खरी अडचण यादीबाहेर आहे. तिथे शब्द फसवा नसतो, अर्धा खरा असतो. स्पॅनिशमध्ये जिथे एक शब्द पुरतो तिथे इंग्रजीत दोन असतात, आणि निवड करावीच लागते. 'इस्तोरिया' म्हणजे गोष्टही आणि इतिहासही. म्हणून 'द हिस्टरी ऑफ धिस नॉव्हेल इज सॅड' अशी वाक्यं येतात. 'कोन्सिएन्सिया' म्हणजे जाणीवही आणि सदसद्विवेकही. व्हर्जिनिया वुल्फच्या तंत्राबद्दल लिहिताना माझ्याकडे 'स्ट्रीम ऑफ कॉन्शन्स' असं हमखास येतं. व्याकरण बिनचूक, शुद्धलेखन तपासणारं यंत्रही गप्प, आणि अर्थ मात्र सदसद्विवेकाचा झरा.

'सोलेदाद'वर मी एक पूर्ण तास घालवते. गार्सिया मार्केसच्या १९६७ च्या 'सिएन आन्योस दे सोलेदाद' (एकटेपणाची शंभर वर्षं) या कादंबरीच्या नावातच तो शब्द आहे. ग्रेगरी राबासाने १९७० मध्ये इंग्रजी अनुवाद केला तेव्हा 'सॉलिट्यूड' निवडला. 'लोनलिनेस'ही शब्दकोशात हजर होताच. सॉलिट्यूडमध्ये माणूस एकटा असतो, पण ते एकटेपण त्याला हवंसंही असू शकतं. लोनलिनेसमध्ये कुणीतरी नसल्याची टोचणी असते. आता कर्नल औरेलियानो बुएन्दिया म्हातारपणी कोंडून घेऊन सोन्याचे छोटे मासे घडवतो, वितळवतो, पुन्हा घडवतो. हे सॉलिट्यूड की लोनलिनेस? स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर न देता पुढे जाता येतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला शब्द टाकताक्षणी बाजू घ्यावी लागते. माझे विद्यार्थी यावर भांडतात, पुस्तकातले पुरावे काढतात, आणि त्या भांडणात त्यांचं इंग्रजी जेवढं वाढतं तेवढं कुठल्याही यादीने वाढलेलं मी पाहिलेलं नाही.

तिसरा दावा: लॅटिन शब्द भारदस्त, म्हणून पातळी वरची.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कायदा, विद्या यांची भाषा फ्रेंच नि लॅटिन झाली. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला घरचा एक आणि दरबारी एक असे शब्दांचे जोड तयार झाले. स्पॅनिशमध्ये 'प्रोफुन्दो' (खोल) हा साधा रोजचा शब्द, विहीरही प्रोफुन्दो. इंग्रजी 'प्रोफाउंड' अंगरखा घालून येतो. सगळीकडे असेच शब्द पेरले की निबंध वरच्या पातळीचा होत नाही, नुसता अवघडून बसतो. इंग्रजी समीक्षेतली खरी नजाकत बऱ्याचदा आखूड, जुन्या जर्मॅनिक शब्दांत असते, आणि तिथे स्पॅनिशची काहीही मदत होत नाही: 'ब्लीक', 'ग्रिम', 'स्टार्क', 'राय' (तिरकस विनोदी), 'विस्टफुल' (हुरहुर लावणारं), 'फार-फेच्ड' (ओढूनताणून आणलेलं), 'फोरशॅडोइंग' (पुढच्या घटनेची चाहूल), 'सेटिंग' (स्थळकाळ). ब्लीक म्हणजे उजाड, आशेला जागा न ठेवणारं. ग्रिम म्हणजे भीषण, कठोर. स्टार्क म्हणजे कुठलीही सजावट न करता समोर ठेवलेलं. मेक्सिकन लेखक हुआन रुल्फोच्या 'पेद्रो पारामो' या कादंबरीतलं मेलेल्यांचं कोमाला गाव यातलं कोणतं? तिन्ही ठिकाणी 'सॅड' लिहिणाऱ्या मुलाला गाव कळलेलं असतं, शब्द नसतो.

'फॉइल' जर्मॅनिक नाही, फ्रेंचमधून आलेला; पण स्पॅनिशची मदत इथेही होत नाही. जवाहिरे खड्याची चमक वाढावी म्हणून त्याच्याखाली धातूचा पातळ पत्रा बसवत, त्यावरून आलेला. दुसऱ्याचे गुण उठून दिसावेत म्हणून शेजारी उभं केलेलं पात्र म्हणजे फॉइल. स्वप्नाळू डॉन किहोतेशेजारी (इंग्रजीतला डॉन क्विक्झोट) त्याचा व्यवहारी सेवक सान्चो पान्सा याला जन्म देणाऱ्या भाषेच्या मुलांना हे नातं आपल्याहून चांगलं समजतं. पण समोर 'फॉइल' आला तर त्यांना फक्त स्वयंपाकघरातली चांदीची गुंडाळी आठवते. शिवाय 'ब्रिंग आउट', 'ड्रॉ ऑन', 'हिंट ॲट', 'प्ले डाउन' ही जोडक्रियापदं आहेतच, समीक्षेच्या पानापानावर.

उच्चाराबद्दल तो मजकूर काहीच बोलत नाही, म्हणून थोडक्यात. स्पॅनिशमध्ये शब्दाचा उच्चार लिहिण्यावरूनच कळतो, इंग्रजीत नाही. 'इपेर्बोले' (अतिशयोक्ती) म्हणणाऱ्याने 'हायपर्बली' ऐकलं तर तो आपलाच शब्द आहे हे त्याला कळत नाही. 'इपिटमी'चीही (मूर्तिमंत नमुना) तीच गत. डोळ्यांना ओळखीचा, कानांना परका.

शेवटचा दावा: संज्ञा आल्या की चर्चा आली.

साहित्यावरच्या इंग्रजी चर्चेत मत लपलेलं असतं ते क्रियापदात. संज्ञा चुकली तर शिक्षक लाल रेघ मारतो. क्रियापद चुकलं तर वाक्य बरोबरच दिसतं. अर्नेस्तो साबातोच्या १९४८ च्या 'एल तुनेल' या कादंबरीत चित्रकार कास्तेल पहिल्याच वाक्यात सांगतो की मारिया इरिबार्नेला मारणारा तो आपणच. पुढची सगळी कहाणी त्याच्याच तोंडून, त्याच्याच संशयातून येते. माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलं, 'कास्तेल अफर्म्स दॅट ही लव्ह्ड मारिया.' स्पॅनिश 'आफिर्मार'चं (ठामपणे सांगणं) सरळ रूप. पण 'अफर्म्स' म्हटलं की लिहिणारा कास्तेलच्या पाठीशी उभा राहिल्यासारखा वाटतो. मी विचारलं, तुझा त्याच्यावर विश्वास आहे का? तो म्हणाला, अजिबात नाही. मग मी त्याला 'सजेस्ट्स' (सुचवतो), 'इन्सिस्ट्स' (पुन्हापुन्हा ठासून सांगतो), 'क्लेम्स' (दावा करतो), 'ॲडमिट्स' (कबूल करतो) ही चार क्रियापदं फळ्यावर लिहून दिली आणि प्रत्येकात लिहिणारा कास्तेलपासून किती लांब उभा आहे ते सांगायला लावलं. 'ॲडमिट्स' त्याने लगेच खोडलं, कारण तेही कास्तेलचं म्हणणं खरं धरून चालतं. 'इन्सिस्ट्स'वर तो बराच वेळ अडला, कारण कास्तेल तेच तेच घोकतो हे त्यात बरोबर येत होतं. शेवटी त्याने 'क्लेम्स' ठेवलं, आणि पुढच्या वाक्यात 'इन्सिस्ट्स' वापरलं.