‘दिवाळखोरी कायदा म्हणजे बड्यांची कर्जमाफी’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मोबाइलवर सतत पुढे ढकलल्या जाणाऱ्या एका संदेशात चार दावे असतात. दिवाळखोरी कायद्याने बड्या उद्योगपतींच्या कर्जातले शंभरपैकी सदुसष्ट रुपये माफ केले. मूळ मालकच ती कंपनी नंतर कवडीमोलाने परत घेतात. खटल्यांची वाढती संख्या हा उद्योगधंदे बुडत असल्याचा पुरावा आहे. आणि शेवटी सल्ला असा, की तुम्हीही दिवाळखोरी जाहीर करा, वसुलीवाले दारातून परत जातील. पहिल्या तीन दाव्यांनी फार तर गैरसमज होईल, चौथ्याच्या नादी लागून मात्र एखाद्याचे घर जाऊ शकते.

सदुसष्टचा आकडा हवेतला नाही, हे आधी मान्य करावे लागेल. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये मार्च २०२५ अखेर १,१९४ कंपन्यांच्या निराकरण योजना, म्हणजे बोली लावणाऱ्याकडे कंपनी सोपवून देणी भागवण्याच्या योजना, मंजूर झाल्या होत्या. त्यांतून धनकोंना, म्हणजे ज्यांचे पैसे अडकले होते त्यांना, मिळालेली रक्कम सुमारे ३.८९ लाख कोटी रुपये, म्हणजे मान्य दाव्यांच्या साधारण ३३ टक्के होती. मात्र ‘मान्य दावा’ म्हणजे केवळ बँकेने दिलेली मुद्दल नव्हे. थकलेल्या वर्षांचे व्याज, दंडव्याज आणि वटवलेल्या हमीच्या रकमा त्यात मिळवलेल्या असतात. शिवाय यांतल्या बऱ्याच कंपन्या आधी कित्येक वर्षे बीआयएफआर या आजारी उद्योगांसाठीच्या जुन्या सरकारी मंडळाच्या दारात पडून होत्या किंवा बंदच होत्या, आणि गंजलेल्या यंत्रांची किंमत व्याजासारखी दरसाल वाढत नाही. म्हणून तुलना करायची ती कंपनी मोडीत काढली असती तर काय मिळाले असते याच्याशी, आणि त्या अवसायन मूल्याच्या मानाने धनकोंना १७० टक्क्यांच्या आसपास रक्कम मिळाली आहे.

सरासरीच्या आत काय दडलेले असते, ते दोन प्रकरणांत नीट दिसते. एस्सार स्टीलमध्ये बँकांचे दावे सुमारे ४९,००० कोटींचे होते आणि त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक वसूल झाले. दुसऱ्या टोकाला आपल्या मराठवाड्यातली व्हिडिओकॉन. पैठण रस्त्यावरच्या चितेगावचा कारखाना ज्यांनी भरभराटीच्या काळात पाहिला आहे, त्यांना हे आकडे विशेष टोचतील. समूहातल्या तेरा कंपन्यांवरचे मान्य दावे जवळपास ६४,८०० कोटी रुपयांचे आणि जून २०२१ मध्ये मंजूर झालेली योजना २,९६२ कोटींची. माल व सेवा पुरवणाऱ्यांच्या वाट्याला त्यातून एक टक्काही येत नव्हता. तेव्हा हा हेअरकट (धनकोंनी सोडून दिलेल्या रकमेला हाच शब्द वापरतात) आहे की पूर्ण मुंडण, असा शेरा मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाने आदेशातच मारला, आणि तरीही धनको समितीचा व्यावसायिक निर्णय म्हणून योजना मंजूर केली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. या प्रकरणावर संताप योग्यच आहे, पण संताप करायचा तो बँकांनी इतकी वर्षे काय केले यावर.

आणि ‘माफी’ हा शब्द येथे लागू पडत नाही. शेतकरी कर्जमाफीत सरकार बँकेला पैसे भरते आणि जमीन शेतकऱ्याकडेच राहते. येथे तोटा बँक सोसते आणि कंपनी मालकाच्या हातून जाते. सरकारी बँकेचा तोटा अखेरीस करदात्याच्याच खिशातून भरून निघतो, हा आक्षेप कोणी घेतला तर तो मला मान्य आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये या बँकांसाठी २.११ लाख कोटी रुपयांच्या भांडवलाची घोषणा करावी लागली होती. संदेशात मात्र हा आक्षेप नाही.

मूळ मालकांच्या पुनरागमनाची भीती पहिल्या वर्षी खरी होती. म्हणूनच नोव्हेंबर २०१७ मध्ये कलम २९अ घालण्यात आले, आणि हेतुपुरस्सर कर्ज बुडवणारे तसेच ज्यांचे कर्जखाते हप्ते थकून वर्षभराहून अधिक काळ अनुत्पादित आहे असे प्रवर्तक थकबाकी चुकती केल्याखेरीज बोलीतून बाद झाले. या कलमाची धार एस्सारमध्ये दिसली. प्रवर्तक रुइया कुटुंबाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ५४,३८९ कोटींचा प्रस्ताव पुढे केला, जो अखेर कंपनी घेणाऱ्या आर्सेलर मित्तलच्या बोलीहून मोठा होता, तरी कंपनी त्यांना परत मिळाली नाही. खुद्द आर्सेलर मित्तललाही बोलीसाठी पात्र ठरण्यापूर्वी उत्तम गाल्वा आणि केएसएस पेट्रॉन या आपल्याशी संबंधित कंपन्यांची सात हजार कोटींहून अधिक थकबाकी भरावी लागली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मालकांना २०१८ पासून यातून बरीच सूट आहे, आणि ती असायला हवी, कारण तालुक्याच्या एमआयडीसीतला फाउंड्रीवाला गेला तर तो कारखाना घ्यायला दुसरे कोणी येत नाही. बड्यांची सुटका कंपनी गमावूनही होत नाही. त्यांनी दिलेली वैयक्तिक हमी योजनेनंतरही जिवंत राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. हमीदारांकडून प्रत्यक्ष वसुली आजवर नगण्य झाली, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या दाव्याला एकच वर्ष पुरेसे आहे. २०१९-२० मध्ये सुमारे दोन हजार कंपन्यांची प्रकरणे दाखल करून घेतली गेली. २०२०-२१ मध्ये, म्हणजे टाळेबंदीने दुकानांची कुलपे गंजत होती त्या वर्षी, ही संख्या पाचशेच्या घरात आली. धंदे तेव्हा सुधारले नव्हते. २४ मार्च २०२० रोजी थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटीवर नेली गेली आणि त्यानंतरच्या वर्षभरातल्या थकबाकीसाठी अर्जच करता येणार नाही असे ठरले. पुढे संख्या वाढली ती मुख्यतः दार पुन्हा उघडल्यामुळे.

आता चौथा दावा. संहितेत व्यक्तींसाठी तिसरा भाग आहे, पण तो आजवर फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना, तेही १ डिसेंबर २०१९ पासून, लागू झाला आहे. क्रेडिट कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज थकलेल्या नोकरदाराला तो उपलब्ध नाही. त्यातल्या ज्या ‘नवी सुरुवात’ तरतुदीचा गाजावाजा होतो, तिची अट वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत आणि कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत अशी आहे, आणि तीही कागदावरच आहे. तोवर मुंबईत १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा ब्रिटिशकालीन नादारी कायदा चालतो. न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्ता सरकारी अभिहस्तांकिती किंवा रिसीव्हर या न्यायालयाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते, कर्जमुक्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो फेटाळलाही जाऊ शकतो. घर गहाण असेल तर नादारीने ते वाचत नाही; तारणधारी बँक सरफेसी या तारण जप्तीच्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन तिची कारवाई करतेच.

कर्जदाराला खरे संरक्षण आहे ते याहून साध्या ठिकाणी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, धर्माचारानुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, जनावरे आणि बियाणे जप्त करता येत नाही; पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भागही सुटतो. ऐपत नाही एवढ्याच कारणावरून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले. वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन केला, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांचा हवाला देऊन बँकेकडे लेखी तक्रार करावी.

पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणा किंवा शाळेतला सहशिक्षक जामीन राहिला असेल, तर १९२० च्या कायद्याचे कलम ४४ आधी वाचावे. नादाराला कर्जमुक्ती मिळाली तरी जामीनदार मोकळा होत नाही, आणि पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन त्याच्या पगारावर येते.