किपलिंगचं घर आणि जेजेतली पाटी

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समधल्या बर्वॉश गावाबाहेर बेटमन्स नावाचं घर आहे. तिथल्या जुन्या अभ्यागत-वहीत काही नावांपुढे तीनच अक्षरं लिहिलेली आढळतात: एफ, आय, पी. ‘फेल इन पॉन्ड’, म्हणजे हा पाहुणा तळ्यात पडला. तळं उथळ, मुलांना डुंबता यावं, होडी वल्हवता यावी म्हणून मुद्दाम तसं बांधलेलं, त्यामुळे कोणी बुडायची भीती नव्हती. रडयार्ड किपलिंगला १९०७ साली साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा आलेले सुमारे ७,७०० पौंड त्याने या बागेत घातले. तळं आणि गुलाबांचे वाफे त्या पैशातले.

हाच किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, जेजे कला विद्यालयाच्या आवारात जन्मला. त्या आवारात आजही एक लाकडी सज्ज्यांचा हिरवा बंगला उभा आहे आणि त्यावर जन्माची पाटी आहे. मूळ घर मात्र केव्हाच पाडलं गेलं, हा बंगला नंतरचा. त्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला की वाद ठरलेला: साम्राज्यवादी लेखकाचं संग्रहालय आपण का करायचं? करायचंच तर जेजेच्या चित्रकारांचं करा. इथे इंग्लंडात राहून बेटमन्सकडे पाहिलं की या वादातला एक मोठा भाग निव्वळ चुकीच्या प्रश्नावर खर्च होतोय असं वाटतं. पण आधी बेटमन्स कसं पाहावं ते सांगतो, कारण मुद्दा त्या पाहण्यातच आहे.

लंडनच्या चॅरिंग क्रॉसहून हेस्टिंग्जच्या मार्गावरची गाडी धरायची आणि एचिंगमला उतरायचं. सव्वा तास लागतो. पुढे साधारण तीन मैल. स्टेशनाबाहेर टॅक्सी उभी असेल हा मुंबईचा भरवसा इथे चालत नाही, आदल्या दिवशी फोन करून ठरवावी. चालत जाणाऱ्यांना शेतातून पायवाट आहे, पण इथली माती चिकणमातीची. पाऊस पडून दोन दिवस झाले तरी घोट्यापर्यंत चिखल राहतो, कॅनव्हासचे बूट घालून येणारे पस्तावतात. हा चढ-उतार जुना आहे. किपलिंग घर घ्यायला आला तेव्हा विकणाऱ्याने सौदा झाल्यावरच विचारलं, स्टेशनला जाणार कसे, माझ्या घोड्यांच्या दोन जोड्या या चढाने संपवल्या. किपलिंग मोटारीतून आला होता. १९०२ साली ९,३०० पौंडांना घर, पाणचक्की आणि ३३ एकर जमीन त्याच्या नावावर झाली.

घराच्या खोल्या बागेपेक्षा उशिरा उघडतात आणि आधी बंद होतात, म्हणून बाग नंतर आणि घर आधी. घर १६३४ सालचं, वालुकाश्माचं, खिडक्या लहान. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर तळमजला आणि बाग त्यांना जमेल, वर जायचा जिना मात्र जुन्या पद्धतीचा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तो सोडावा. पाठीवरची मोठी पिशवी पुढे घ्यायला किंवा बाहेर ठेवायला सांगतात, फ्लॅश चालत नाही, टोकदार टाचांच्या चपला जुन्या लाकडी जमिनीत खड्डे पाडतात म्हणून नकोत. यात कोणाचा अपमान नाही. डबा आणला असेल तर तो बाहेरच्या गवतावर बसून खावा.

आत शिरल्यावर पहिली तक्रार ठरलेली: अंधार फार आहे. पडदे अर्धे ओढलेले, दिवे मंद. यामागे हिशेब आहे. कागद, कापड, रंगवलेलं चामडं यांच्यावर पडलेला उजेड साठत जातो आणि उडालेला रंग परत येत नाही. अशा वस्तूंसाठी ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड धरतात आणि वर्षाचा कोटा साधारण दीड लाख लक्स-तासांचा. भागाकार केला तर वर्षाला ३,००० तास येतात, त्यात झाडलोटीला लावलेले दिवेही मोजायचे. जास्त उजेड हवा तर दारं कमी वेळ उघडी ठेवा. जेवणघराच्या भिंतींवरचं सोनेरी कातडं आजही सोनेरी दिसतं ते या कंजूषपणामुळे.

दुसरी तक्रार थंडीची. अशा घरांत हिवाळ्यात हीटर माणसांसाठी चालत नाही, हवेतल्या दमटपणाच्या काट्यावर चालतो. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की पुस्तकांच्या पाठीला बुरशी धरते. फार खाली गेली की लाकडाला भेगा पडतात, जडावाचे तुकडे सुटतात. म्हणून खोली जेमतेम इतकीच तापवायची की आर्द्रता पट्ट्यात राहील. कोट काढू नये.

वरच्या मजल्यावरची अभ्यासिका ही या घराची खरी जागा. मेज दहा फूट लांब, त्यावर लेखणीचं सामान, मागे भिंतभर पुस्तकं. तिथे मराठी माणूस एका गोष्टीपाशी हमखास थबकतो: जुन्या आवृत्त्यांच्या पुठ्ठ्यावर गजमुख आणि स्वस्तिक. हे चिन्ह त्याने भारतातूनच घेतलं होतं. जर्मनीत नाझींनी ते उचलल्यावर त्याने आपल्या पुस्तकांवरून काढायला लावलं. प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक बसलेला असतो, बहुधा निवृत्त शिक्षक किंवा बँकवाला. त्याला विचारल्याशिवाय तो बोलत नाही आणि विचारलं की थांबत नाही. जरूर विचारावं. शेजारी मुलाची, जॉनची खोली आहे. तो १९१५ साली पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत मारला गेला, वय १८. नजर अधू म्हणून सैन्याने नाकारलेल्या या मुलाला बापानेच ओळख लावून भरती करवलं होतं. त्या खोलीत माणसं आपोआप हळू बोलतात.

बागेत नाशपातीची कमान चुकवू नये. लोखंडी कड्यांवरून झाडं दोन्ही बाजूंनी वर नेऊन माथ्यावर भेटवली आहेत. एप्रिलच्या मध्याला फुलते. ही कमान दिसते सोपी, पण उन्हाळ्यात नवे फुटवे दोन-चार पानांवर छाटले नाहीत तर झाड सगळी ताकद पानांत घालतं, फळाचे डोळे धरत नाही आणि कमानीचं रान होतं. यू या सदाहरित झाडाच्या कुंपणाच्या भिंती मात्र वर्षातून एकदा, उन्हाळा सरता सरता कातरल्या की झालं. ज्याला घाई आहे त्याने गुलाब सोडून ओढ्याच्या काठाने पाणचक्कीकडे जावं.

अभियंत्यांनी तर तिथेच रेंगाळावं. १९०३ साली किपलिंगने चक्कीच्या पाण्यावर एक टर्बाइन बसवलं. सल्ला कोणाचा, तर सर विल्यम विलकॉक्सचा, ज्याने नाईलवरचं अस्वानचं धरण आखलं. हाही भारतात जन्मलेला, रुरकीला शिकलेला, आणि चक्कीची ही डडवेल नदी म्हणजे आपल्याकडचा ओहोळ! वीज ११० व्होल्टची, घरापर्यंत आणायला समुद्राखालून टाकायची केबल घेतली होती, बाराशे व्होल्टच्या चाचणीत नापास झाली म्हणून मिळालेली. ११० व्होल्टला ती सहज पुरली. दिवसा बॅटऱ्या भरायच्या, संध्याकाळी ६० वॉटचे दहा दिवे चारेक तास जळायचे. हिशेब केला तर दिवसाला जेमतेम अडीच युनिट. एवढ्यासाठी धरणवाला आणला, याचं हसू येतं, आणि माणूस कसा होता तेही थोडं कळतं.

आता वादाकडे.

किपलिंगची बाजू घ्यायची म्हणून हे लिहीत नाही. जालियनवाला बागेनंतर १९२० साली जनरल डायरसाठी एका इंग्रजी वर्तमानपत्राने निधी गोळा केला, त्यात या माणसाने दहा पौंड दिले. हे विसरून कोणी त्याच्या बागेत गुलाब पाहावेत असं माझं म्हणणं नाही. त्याच्या जन्मघराला पाटी नको म्हणणाऱ्यांचा राग मला परका वाटत नाही.

पण इथलाही वाद पाहण्यासारखा आहे. हे घर किपलिंगच्या पत्नीने, कॅरीने, १९३९ साली मरताना नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रस्टने आपल्या ९३ वास्तूंचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध सांगणारा अहवाल काढला. त्यात बेटमन्स होतं. गदारोळ उठला तो वर्तमानपत्रांपासून पार्लमेंटपर्यंत: आमच्या सुंदर घरांत हे कशाला? आपल्याकडे राग आहे तो त्याचं नाव लावल्याचा, इथे राग आला तो त्याच्या नावामागचं सांगितल्याचा. दोन्हीकडे गृहीत एकच, की घर जपणं म्हणजे माणसाची आरती. अहवाल निघाला म्हणून बेटमन्सची एक खिडकी कमी पुसली गेली नाही, आणि खिडकी पुसली म्हणून डायरचे दहा पौंड माफ झाले नाहीत.

खिडकी पुसली जाते कारण व्यवस्था तशी आहे. १९०७ च्या कायद्याने ट्रस्ट एखादी वास्तू अविक्रेय ठरवू शकतो. मग ती पार्लमेंटच्या परवानगीशिवाय विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही. आणि कोणी घर देऊ केलं तर आधी विचारलं जातं, देखभालीचा निधी बरोबर आणलात का? छप्पर, कामगार, पुढची कित्येक दशकं, सगळ्याचा अंदाज मांडून तेवढी रक्कम नसेल तर कितीही थोर लेखकाचं घर असो, बहुधा नकार मिळतो. आपल्याकडे उलटं होतं. भूमिपूजनाला पैसे असतात, अर्धपुतळ्याला असतात, तिसऱ्या पावसाळ्यात गळणाऱ्या कौलांना नसतात. मग कुलूप लागतं, आणि कुलूप लागलेल्या घरावर कोणाचं नाव असावं यावर आपण चर्चासत्र घेतो.

इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं मात्र नाही. बेटमन्समध्ये मुंबई फार थोडी आहे. पितळेच्या, लाकडाच्या भारतीय वस्तू आहेत, वडील लॉकवुड किपलिंगने केलेली उठाव-शिल्पं आहेत, पण ज्या आयेबरोबर तो रस्त्यावरच्या क्रुसापाशी प्रार्थना करायचा, ती पोर्तुगीज कॅथलिक, म्हणजे बहुधा गोव्याकडची बाई, या घरात कुठेच नाही. घरात नोकरांशी देशी भाषा बोलणाऱ्या या पोराला जेवणघरात आईबापांकडे पाठवताना बजावावं लागे, आता इंग्रजी बोल. हे सांगायची जागा ससेक्स नव्हे, जेजेच आहे.

आणि जेजेजवळ सांगायला आणखी चांगला माणूस आहे. लॉकवुड १८६५ साली मुंबईत शिल्पकला शिकवायला आला आणि दहा वर्षांनी लाहोरला गेला. रस्ता ओलांडून क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर मान वर करून पाहा, शेतकऱ्यांची, बाजारकऱ्यांची उठाव-शिल्पं दिसतील, ती त्याच्या आराखड्याची. तिकीट नाही, फक्त सकाळी लवकर जावं, नंतर टेम्पो आणि गर्दीत थांबायला जागा उरत नाही. बंगला बापाचा आणि त्याच्या शाळेत शिकलेल्या, शिकणाऱ्या पोरांचा करावा, मुलाला एक भिंत पुरे, आणि त्या भिंतीवर नोबेलच्या शेजारी डायरचे दहा पौंडही लिहावेत, असं माझं मत आहे. कोणाला पटो न पटो.

आपल्याला जमत नाही असंही नाही. केशवसुत किपलिंगनंतर वर्षभरातच, १८६६ साली जन्मले. गणपतीपुळ्याशेजारी मालगुंडला त्यांचं जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने उभं केलं आणि १९९४ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. सरकारी खात्याऐवजी साहित्यसंस्थेने घर चालवणं म्हणजे काय, हे पाहायला ससेक्सला यायची गरज नाही, रत्नागिरीची एसटी पुरते.

तंत्र मात्र जसंच्या तसं चालणार नाही. इथे दमट हवेवर उपाय म्हणजे खोली थोडी तापवणं. मुंबईत जुलैमध्ये हवा आधीच तापलेली आणि आर्द्रता ८० च्या वर, तिथे हीटर लावून काय होणार? तिथे वारा खेळता ठेवणं, पागोळ्या भिंतीपासून दूर पाडणं, लाकूड जिथे जमिनीला टेकतं तिथे वाळवीची पाहणी करणं, आणि मूळ कागदपत्रं बंद, कोरड्या कपाटात ठेवून भिंतीवर प्रती लावणं हा मार्ग. वातानुकूलन यंत्र दिवसा चालू आणि रात्री बंद हा सगळ्यात वाईट प्रकार. थंड झालेल्या भिंतीवर रात्रीची दमट हवा घाम धरते आणि चित्राच्या पाठीमागे बुरशी वाढते, समोरून महिनोन्‌महिने दिसत नाही.

म्हणून बंगल्यावरची पाटी काढायची की ठेवायची याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नाही. प्रत्येक खोलीत एक आर्द्रतामापक टांगायचा, जेजेच्याच विद्यार्थ्यांची पाळी लावायची, आणि जून ते मे सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत उतरवायचे. कोणती खोली कागदाची, कोणती कॅनव्हासची आणि कोणती नुसती खुर्च्यांची, ते त्या वहीतूनच ठरेल.