बाळ बाबाच्या हातात द्या

आमच्या मुलीच्या वेळी सिझर झालं होतं. घरी सोडायच्या दिवशी सिस्टर आल्या. बाळाला कसं उचलायचं, नाळ कोरडी कशी ठेवायची, पुढचा डोस कधी, सगळं नीट समजावून सांगितलं. माझ्या सासूबाईंना. मी तिथेच पलंगाशी उभा होतो. मला म्हणाल्या, "तुम्ही तोवर खाली जाऊन बिल भरून या." भरलं. त्या रात्री घरी पोरगी रडायला लागली आणि टाके दुखत असताना बायको उठली, कारण मला बाळ उचलायची भीती वाटत होती. आठ वर्षं झाली, अजून मनातून जात नाही ती रात्र.

बायको स्वतः नर्स. नऊ वर्षं प्रसूती वॉर्डात काढली तिनं. नंतर एकदा म्हणाली, "अरे, मीपण रोज हेच करत आले. आयांना, आज्यांना समजवायचं आणि बाबांना काउंटरवर पाठवायचं." तिथून बाबांना बाळ सांभाळायला शिकवण्याचा आमचा हा घरचा व्यवसाय सुरू झाला. रविवारी दुपारी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये लवकरच बाबा होणाऱ्यांची बॅच असते, सहा जणांची. बाळ घरी आलं की आम्ही दोनदा घरी जातो. माझी आई पूर्वीपासून झबली-टोपडी शिवायची, ती आता आमच्या किटसाठी मलमलची दुपटी आणि लंगोट शिवते. फोन आणि हिशेब माझ्याकडे. पैसा बेताचाच मिळतो, पण घर चालतं.

पहिलं वर्ष घरातच कठीण गेलं. आईला धुरी हवी, काजळ हवं, मधाचं बोट हवं. बायकोचा तिन्हींना विरोध. एवढ्याशा छातीत धूर नको, काजळात शिसं असू शकतं आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, हे तिनं शांतपणे सांगितलं. आई दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, "मालिश आणि पायावरची अंघोळ मात्र मी सोडणार नाही." ती सोडायची गरजच नव्हती, आणि बाबांना सगळ्यात जास्त तीच आवडते.

गेल्या महिन्यातलंच सांगतो. घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये एका नव्या बाबाकडे गेलो होतो. नव्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये पाय पसरून बसायला जागाच नसते, म्हणून बेडरूममध्ये प्लास्टिक अंथरलं. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय लांब करून बसला. आईनं त्याला बादलीत कोपर बुडवून पाणी बघायला लावलं. मग बाळ त्याच्या नडग्यांवर पालथं ठेवलं. दोन्ही पाय जुळले की मधे खोलगट जागा होते, बाळ तिथे बरोबर बसतं. पहिला तांब्या ओतताना त्याचा हात इतका थरथरला की अर्धं पाणी बाहेर गेलं. त्याची आई दारातून म्हणाली, "अहो, त्याला नाही जमायचं, द्या इकडे." आमची आई हसून म्हणाली, "थांबा वहिनी, आपल्याला तरी पहिल्या दिवशी कुठे जमलं होतं?" तिसऱ्या तांब्याला हात स्थिर झाला. बाळ रडायचं थांबलं आणि ते त्याच्याही लक्षात आलं.

मला एवढंच म्हणायचंय, बापाला जमत नाही कारण त्याच्या हातात कोणी बाळ देतच नाही. दूध पाजणं सोडलं तर बाकी सगळं त्याला येऊ शकतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, न्हाऊ घालणं, रात्री खांद्यावर घेऊन फिरणं. अगदी छातीला छाती लावून ऊब देणंसुद्धा. इनक्युबेटर पुरेनात म्हणून १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना असं आईच्या अंगाला बांधून ठेवायला सुरुवात केली. त्यालाच आपण आज कांगारू केअर म्हणतो. ऊब बापाच्या छातीलाही असते. बॅचमध्ये हे सांगितलं की काही जणांच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण आपलाही काही उपयोग आहे हे त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलेलं असतं. आणि याला कृपा करून 'बायकोला मदत' म्हणू नका. स्वतःचं मूल सांभाळणं ही मदत कशी?

धंद्याच्या बाजूचंही एक सांगतो. मध्यंतरी एक विक्रेता आला होता. तुमच्या किटमध्ये दुधाच्या पावडरचे छोटे डबे आणि बाटली फुकट टाका, आम्ही कमिशन देऊ म्हणाला. १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. बायकोनं तिथल्या तिथे नाही म्हटलं. तो महिना ओढाताणीचा होता, तरी तो निर्णय बरोबरच होता. नव्या बापाला खिशातून पैसे काढायला लावणं फार सोपं असतं. तो घाबरलेला असतो, सांगाल ते घेतो. म्हणून आमच्याकडे किट घ्यायची सक्ती नाही. आजीची जुनी मऊ सुती साडी फाडून केलेलं दुपटं आईच्या मलमलीइतकंच चांगलं, हे आई स्वतः सांगते.

खरी अडचण सुट्टीची आहे. २०१७ साली आईची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, फार चांगलं झालं. बापासाठी त्या कायद्यात एक ओळही नव्हती. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पहिल्या दोन मुलांसाठी १५ दिवस मिळतात, तेही बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत कधीही घेता येतात. खासगी नोकरीत सगळं साहेबाच्या मर्जीवर. आमच्याकडे येणारे बहुतेक जण सकाळी पावणेआठची फास्ट लोकल पकडतात आणि घरी पोचेपर्यंत बाळ झोपलेलं असतं. मिळालेले चार-पाच दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून संपतात, आणि बाळ घरी येतं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसात.

म्हणून आता बुकिंगचा फोन आला की मी आधी विचारतो, रजा किती दिवस आहे? आणि सांगतो, डिलिव्हरीच्या दिवशी थांबाच, पण हॉस्पिटलमधल्या मधल्या दिवसांना मामा, काका, आत्या कोणीही बसेल. निदान तीन दिवस बाळ घरी आल्यानंतरसाठी राखून ठेवा. आम्ही त्याच तीन दिवसांत येतो.