स्काऊट म्हणजे ‘इंग्रजांची उरलेली गुलामी’? जरा थांबा

दर थोड्या दिवसांनी एक मेसेज फिरत येतो, आमच्या ग्रुपवर पण परत आलाय. थोडक्यात असा: बेडन पॉवेलने (स्काऊट चळवळ सुरू करणारा इंग्रज लष्करी अधिकारी) भारतात स्काऊट आणलं ते आपल्या पोरांना राजाचे नोकर बनवायला, त्यात भारतीय काहीच नाही, स्वातंत्र्यानंतर सरकारने नुसती पाटी बदलली, आता ते एक सरकारी खातंच आहे, म्हणून शाळेतून हे बंद करा. देशप्रेमाच्या जोशात लिहिलंय हे कळतं, पण यात ज्यांचं नावच पुसलं गेलंय ते लोक देशभक्तच होते, त्याचं काय?

पहिला मुद्दा, बेडन पॉवेलने आपल्या पोरांसाठी आणलं. नाही हो. 1909 मध्ये बंगळुरूला कॅप्टन बेकरने जे पहिलं पथक काढलं ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांचं होतं, भारतीय मुलांना त्यात घेतच नव्हते. म्हणजे गुलाम बनवायला घाईघाईने भरती चालू होती असं काही नाही, उलट दार बंद होतं म्हणून आपल्या लोकांनी बाहेर स्वतःची वेगळी पथकं काढली. 1913 च्या सुमारास मध्य प्रांतात विवियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी काम सुरू केलं (हेच पुढे नागपूर हायकोर्टाचे आणि मग सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले), तिकडे शाहजहाँपूरला श्रीराम वाजपेयींनी स्वतःचं पथक उभं केलं.

आता ‘भारतीय काहीच नाही’ हा मुद्दा, आणि खरी गंमत इथे आहे. 1916-17 च्या आसपास मद्रासला भारतीय मुलांची वेगळी स्काऊट संघटना काढली ती अ‍ॅनी बेझंट आणि त्यांचे सहकारी जॉर्ज अरुंडेल यांनी. ह्याच बेझंटबाईंना होमरूलच्या (म्हणजे स्वराज्याच्या मागणीच्या) चळवळीमुळे 1917 मध्ये सरकारने स्थानबद्ध केलं आणि त्याच वर्षी त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या! राजाचे नोकर घडवायला ही बाई निघाली होती असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. 1918 मध्ये अलाहाबादला सेवा समिती स्काऊट असोसिएशन उभी राहिली, मागे कोण तर पंडित मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वरचेच वाजपेयी. 1921 मध्ये बेडन पॉवेल भारतात आले तेव्हा बेझंट यांची संघटना अधिकृत (म्हणजे बेडन पॉवेल यांच्या) संघटनेत गेली, पण सेवा समितीवाले गेले नाहीत, आपलं वेगळंच चालवत राहिले, आणि हे एखाद-दोन वर्षांचं रुसणं नव्हतं, मामला पार 1950 पर्यंत ताणला गेला.

मेसेजमधलं एक खरं आहे ते मान्य करूया. बेडन पॉवेल साम्राज्याचेच माणूस, 1876 ला घोडदळाचे अधिकारी म्हणून लखनौला आलेले, आणि अधिकृत स्काऊटच्या शपथेत देवाबरोबर राजाही होता. 1937 मध्ये ते दिल्लीच्या जांबोरीला (स्काऊटांच्या मोठ्या मेळाव्याला) आले आणि नंतर भारतीयांच्या चारित्र्याबद्दल जे काही बोलले त्याने इथे लोक भयंकर चिडले. पण चिडून काय केलं ते मेसेज सांगत नाही! स्काऊटिंग सोडून दिलं नाही, 1938 मध्ये हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन काढली. बेडन पॉवेलवर राग आणि स्काऊटिंगवर माया, दोन्ही एकाच वेळी जमत होतं त्या पिढीला, आपल्याला का जमू नये कोण जाणे.

‘नुसती पाटी बदलली’ म्हणे. पाटी एकाच दुकानाची बदलतात, इथे तर समोरासमोरची दुकानं एक करायची होती. नेहरू, मौलाना आझाद, मध्य प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासा, शिवाय कुंझरू, वाजपेयी आणि न्या. बोस एवढे सगळे खटपट करत होते तेव्हा कुठे 7 नोव्हेंबर 1950 ला भारत स्काऊट्स झालं. गर्ल गाइड्स (मुलींची तशीच संघटना) त्यात आल्या 15 ऑगस्ट 1951 ला, तेव्हा नावात ‘अँड गाइड्स’ लागलं.

राहता राहिलं ‘सरकारी खातं’. तेही नाही, ही नोंदणी झालेली संस्था आहे. सरकारी आहे ती एनसीसी, 1948 च्या कायद्याने झालेली आणि संरक्षण मंत्रालयाखाली. दोन्हीकडे शाळेतली मुलं गणवेशात दिसतात म्हणून लोकांची गल्लत होते, शाळेत मास्तरांची पण होते, मग फॉरवर्ड करणाऱ्या काकांना काय दोष द्यायचा.